तो लेख आफ्रिकेवरच होता

मी आफ्रिका हा विषय घेऊन एम.ए. झाले, याचं माझे वडील सोडले तर कुणालाच कौतुक नव्हतं. वडील फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेले. दुसऱ्या महायुद्धात त्यांची पलटण आफ्रिकेत, अॅबिसीनियाच्या म्हणजे आताच्या इथिओपियाच्या डोंगरात लढली होती. रहिमतपूरच्या घरी जेवताना कधीतरी तो विषय निघायचा. ‘‘डोंगर आपल्यासारखंच. माणसंबी आपल्यासारखीच. पानी मागितलं तर न्हाई म्हनत न्हाईत,’’ एवढं बोलून ते भाकरीकडे वळायचे. यापेक्षा जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि म्हणूनच बहुतेक मला जास्त हवं झालं. मुंबईच्या विद्यापीठात तो विषय नुकताच निघाला होता. मी अर्ज केला, आम्ही मोजकीच मुलं वर्गात होतो, मलाही घेतलं.

सुट्टीत घरी आले की शेजारच्या काकी विचारायच्या, ‘‘बाय, तितं शिकिवत्यात तरी काय? सिंव्ह-हत्ती?’’

मी समजावून सांगायचे. तिथे किती देश आहेत, ते कधी स्वतंत्र झाले, तिथली पुढारी माणसं कोण. काकी सगळं ऐकून घ्यायच्या आणि शेवटी म्हणायच्या, ‘‘म्हंजी सिंव्ह न्हाईतच व्हय?’’

एम.ए. झाल्यावर कळलं की या शिक्षणाची गरज असलेली नोकरी साताऱ्यात नाही, सांगलीत नाही, आणि मुंबईतही जवळजवळ नाही. शेवटी सांगलीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायला लागले. त्याच सुमारास आमच्या प्राचार्यांनी संध्याकाळचा वृत्तपत्रविद्येचा वर्ग काढला. शिकवायला माणसं कमी होती, म्हणून त्यांनी मला बोलावलं.

‘‘मॅडम, आंतरराष्ट्रीय घडामोडी तुम्ही घ्या. तुमचं परदेशातलं शिक्षण आहे.’’

‘‘परदेशातलं नाही सर, परदेशाविषयीचं. मी मुंबईत शिकले.’’

‘‘तेच ते,’’ ते म्हणाले आणि वेळापत्रकात माझं नाव लिहिलं.

बातमी लिहायला शिकवायचे ते गावातल्या एका दैनिकाचे संपादक. धोतर, जाकीट, तोंडात पान. त्यांच्या पेपरात परदेशची बातमी असायची, पण ती जागा उरली तर. एकदा मोझांबिक स्वतंत्र होणार हे ठरल्यावर मी त्यांना एक लेख लिहून दिला. चार पानं होती, कष्ट घेऊन लिहिली होती. त्यांनी ती छापली, पण वर मथळा दिला ‘अंधाऱ्या खंडात पहाट’, आणि सोबत एका झेब्र्याचं चित्र. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या कचेरीत गेले.

‘‘हा झेब्रा कशाला?’’

‘‘आफ्रिकेचं चित्र छापायचा ब्लॉक तेवढाच होता आमच्याकडं. वाचकाला कळलं पाहिजे ना कुठलं आहे ते.’’

‘‘खाली तुम्ही केनियाचा नकाशा लावलाय. मोझांबिक त्याच्या बरंच दक्षिणेला आहे.’’

‘‘आवं मॅडम,’’ ते हसून म्हणाले, ‘‘सांगलीत कोण बघतंय?’’

हे वाक्य मी त्या काही वर्षांत इतक्या वेळा ऐकलं, की पुढे कुणी बोलायला तोंड उघडलं की मला ते आधीच ऐकू यायचं.

मग आणीबाणी आली. संपादकांच्या पेपराचे अंक आधी तपासायला जाऊ लागले. ते वर्गात येऊन बातमी कशी लिहावी हे शिकवायचे, पण आता शिकवायला त्यांच्याकडे फारसं काही उरलं नव्हतं. माहिती खात्याकडून आलेला मजकूर नीट शुद्धलेखनात उतरवणं, एवढंच. एक मुलगा म्हणाला, ‘‘सर, मग आम्ही शिकायचं काय?’’ त्यावर ते म्हणाले, ‘‘ऱ्हस्व-दीर्घ.’’ वर्ग हसला, ते हसले नाहीत. त्या दिवशी मला त्यांची पहिल्यांदा कणव आली. ती फार दिवस टिकली नाही हे वेगळं.

कॉलेजात आमच्या वर्गाचं एक भित्तिपत्रक असायचं. पायऱ्या चढून वर आलं की समोरच काचेची पेटी, त्यात मुलांनी हातानं लिहिलेले कागद टाचलेले. एका मुलीचं अक्षर फार सुंदर होतं, ती सगळं उतरवून काढायची. आणीबाणीत त्या पेटीत काय आलं? स्वच्छतेचं महत्त्व, एका मुलाची मैत्रीवरची कविता आणि बटाट्याच्या चार पाककृती. वृत्तपत्रविद्येचा वर्ग, आणि पाककृती!

त्याच सुमारास एक परदेशी मुलगा मला भेटायला आला. इंजिनिअरिंगला होता. पूर्व आफ्रिकेतल्या एका देशातून शिष्यवृत्तीवर सांगलीला आला होता. कुणाकडून तरी ऐकलं होतं, की गावात एक बाई आहेत ज्यांनी आफ्रिकेचा अभ्यास केलाय. एका संध्याकाळी वर्ग सुटल्यावर तो दारात उभा राहिला. उंच, पांढराशुभ्र शर्ट, छत्री काखेत. इंग्रजीत म्हणाला, ‘‘तुम्हीच आफ्रिकेच्या बाई का?’’

मला हसू आलं. मी हो म्हणाले. त्यानं माझी सरळ परीक्षाच घेतली. त्याच्या देशाची राजधानी, तिथल्या दोन मोठ्या नद्या, स्वातंत्र्य कुणाकडून मिळालं. मी सगळं बरोबर सांगितलं. मग त्यानं विचारलं, ‘‘आमच्याकडे लोक सकाळी काय खातात?’’

मला माहीत नव्हतं.

‘‘तुमच्या पुस्तकात नाश्ता नाही,’’ तो म्हणाला आणि समोरच्या बाकावर बसला.

नंतर तो अधूनमधून येत राहिला. सांगलीवर तो वैतागलेला होता, आणि त्याचं काही चुकत नव्हतं. पोरं रस्त्यानं मागे लागायची. केसाला हात लावू का म्हणून मोठी माणसंही विचारायची. घरमालक त्याला दर आठवड्याला विचारायचा, तुमच्याकडे घरं असतात का. ‘‘मी त्याला सांगितलं, माझं घर तुमच्या घरापेक्षा मोठं आहे,’’ तो म्हणाला. ‘‘तर तो म्हणाला, लाकडाचं असेल.’’ मेसमध्ये वाढणाऱ्या बाईकडून तो मराठी शिकला होता, त्यामुळे त्याच्या मराठीत ‘बास’, ‘आनखी’, ‘लय तिखट’ आणि ‘भाकरी संपली’ एवढंच होतं. पण ते तो अगदी मेसमधल्या बाईसारखं म्हणायचा. एकदा मी त्याला रहिमतपूरला घेऊन गेले. वडिलांनी त्याला ओसरीत बसवलं आणि दोघं बराच वेळ डोंगरांबद्दल बोलले. वडिलांचं इंग्रजी फौजेतलं होतं. तो निघताना वडील म्हणाले, ‘‘परत ये रं.’’ त्याला ते कळलं.

एका दिवशी तो आला आणि छत्री काखेतच धरून बाकावर बसला. त्यानं सांगितलं, की त्याच्या मोठ्या भावाला अटक झाली आहे. भाऊ राजधानीतल्या एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायचं काम करत होता. त्या देशात असा दंडक होता की राष्ट्राध्यक्षांचा फोटो रोज पहिल्या पानावर, आणि सगळ्यांच्या वर. एका दिवशी पान लावणाऱ्याकडून चूक झाली. वर साबणाची मोठी जाहिरात गेली आणि राष्ट्राध्यक्ष तिच्या खाली आले. संपादक, पान लावणारा आणि मुद्रितं तपासणारा, तिघांना उचललं. भाऊ कुठे आहे ते घरच्यांना माहीत नाही.

‘‘साबणाच्या खाली,’’ तो म्हणाला. ‘‘एवढंच.’’

मी म्हणाले, ‘‘हे मी लिहू का? आमच्या मुलांना वर्तमानपत्र म्हणजे काय हे शिकवतेय मी. त्यांना हे कळायला हवं.’’

त्यानं विचार केला. म्हणाला, ‘‘लिहा. पण माझ्या देशाचं नाव नको, माझं नाव नको. शिष्यवृत्ती आमच्या सरकारची आहे. दूतावासातली माणसं सगळं वाचतात.’’

‘‘आमचं भित्तिपत्रक दूतावास वाचणार नाही.’’

‘‘तुम्हाला काय माहीत कोण काय वाचतं,’’ तो म्हणाला. मी नाव न घालायचं कबूल केलं.

मी लेख लिहिला. ‘फोटोची जागा’ असं नाव दिलं. पहिलंच वाक्य होतं, ‘एका देशात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर सर्वांत वर एकाच व्यक्तीचा फोटो छापावा लागतो.’ पुढे जाहिरात, अटक, घरच्यांची शोधाशोध. सुंदर अक्षराच्या मुलीनं तो उतरवला आणि सोमवारी पेटीत लागला.

मंगळवारी पेटीपुढे इतकी गर्दी, की मला माझ्याच वर्गात जायला वाट मिळेना.

मला वाटलं, अखेर! अखेर या गावाला आफ्रिकेबद्दल काहीतरी वाचावंसं वाटलं. हा आनंद मला मधल्या सुट्टीपर्यंत पुरला. मधल्या सुट्टीत मराठीचे एक प्राध्यापक चहाचा कप घेऊन माझ्याजवळ सरकले आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, ‘‘मॅडम, साबण लय भारी जमलाय.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘कळलं मला. साबण म्हणजे काय ते.’’

‘‘साबण म्हणजे साबण, सर.’’

‘‘अर्थात, अर्थात,’’ असं म्हणून त्यांनी डोळा मिचकावला आणि गेले.

संध्याकाळपर्यंत साबणाचे कितीतरी अर्थ निघाले होते. कुणी म्हणे साबण म्हणजे न्यायालय. कुणी म्हणे साबण म्हणजे आमचेच प्राचार्य, ते कसे तेवढं मला शेवटपर्यंत कळलं नाही. संपादक आले, मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, ‘‘आम्हाला जे जमलं नाही ते तुम्ही केलंत.’’

‘‘हे आफ्रिकेतलं आहे,’’ मी म्हणाले. ‘‘एका माणसाचा भाऊ तुरुंगात आहे. खराखुरा माणूस.’’

‘‘असंच म्हणत राहा,’’ ते म्हणाले. ‘‘कुणी विचारलं तर असंच म्हणा.’’

मला अक्षरशः भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. मी काय सांगतेय ते ऐकायचंच नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं जणू. ते भित्रे होते, मान्य. त्यांना बोलायची चोरी होती, हेही मान्य. आपल्याकडेही माणसं आत होती. सातारा काय, सांगली काय, घराघरातून कुणी ना कुणी गेलं होतं. पण म्हणून दुसऱ्या देशातला एक माणूस, जो खरोखर कुठेतरी कोठडीत बसला आहे, त्याला तिथून उचलून आपलं प्रतीक करून टाकायचं? त्याचा भाऊ याच गावात राहत होता. त्याला भेटता आलं असतं. कुणालाही भेटायचं नव्हतं.

बुधवारी प्राचार्यांनी बोलावलं. त्यांच्यासमोर साध्या वेशातला एक हवालदार बसला होता, कुंडलकडचा. प्राचार्यांचा चेहरा उतरला होता. हवालदार मात्र अगदी समजूतदारपणे बोलला.

‘‘बाई, आमाला वरनं आलंय. त्या लेखातला देश कंचा, त्येवढं सांगा. आमी लिवतो आन जातो.’’

‘‘आफ्रिकेतला आहे.’’

‘‘व्हय. पर नाव?’’

‘‘नाव सांगता येणार नाही.’’

हवालदारानं माझ्याकडे बघितलं, मग प्राचार्यांकडे बघितलं. ‘‘म्हंजी आपलाच की,’’ तो म्हणाला.

‘‘नाही हो! नाव सांगितलं तर एका माणसाला त्रास होईल.’’

‘‘तेच तर,’’ तो म्हणाला.

प्राचार्य म्हणाले, ‘‘मॅडम, एक दिवस देतो. देशाचं नाव द्या. नाहीतर पेटी बंद, आणि तुमचं काय करायचं ते मला वर विचारावं लागेल.’’ मग हवालदार गेल्यावर आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘कुठलंही द्या हो. एवढे देश आहेत तिथे. सांगलीत कोण बघतंय?’’

‘‘कुठलंही कसं देऊ सर? तसं लिहिलं तर ते खोटं होईल.’’

मी घरी येऊन नुसती चिडून बसले. कुठलंही एक नाव घालायला काय लागत होतं! पण मी मुलांना वर्षभर सांगत आले होते की नाव चुकलं तर बातमी चुकली. आणि खरं नाव द्यायचं तर मी दिलेला शब्द मोडत होता. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला शोधून सगळं सांगितलं. मला वाटलं तो घाबरेल. तो आधी हसला. मग त्याला साबणाचे अर्थ सांगितले तेव्हा त्याचं हसू गेलं.

‘‘म्हणजे माझा भाऊ तुमच्या पंतप्रधानांच्या गोष्टीत गेला,’’ तो म्हणाला.

‘‘हो.’’

‘‘चला,’’ तो म्हणाला आणि छत्री उचलली.

प्राचार्यांच्या खोलीत तो बसला नाही, उभाच राहिला. त्यानं आपलं नाव सांगितलं, देशाचं सांगितलं, भावाचं सांगितलं, भाऊ ज्या पेपरात होता त्याचंही सांगितलं. भावाचा एक फोटो खिशातून काढून टेबलावर ठेवला. चष्मा लावलेला, सडपातळ, हसणारा माणूस. प्राचार्यांनी तो हातात घेतला आणि बराच वेळ बघितला. मग त्यांनी मला मराठीत विचारलं, अगदी मनापासून, त्यात काही खोच नव्हती.

‘‘पण मॅडम, मग हे आपल्या भित्तिपत्रकात कशाला?’’

इतकी वर्षं मी ज्या भिंतीला धडका देत होते ती भिंत म्हणजे हाच प्रश्न होता, आणि तो इतका निरागस होता की रागावताही येईना. त्या मुलानं विचारलं, काय म्हणतात ते. मी इंग्रजीत सांगितलं.

तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘‘यांनी विचारलं म्हणून. माझ्या कॉलेजात कुणी विचारलं नाही.’’

प्राचार्यांनी फोटो परत केला. म्हणाले, नाव मी कुणाला सांगणार नाही. आणि हे कबूल केलं पाहिजे, की त्यांनी ते कधीही, कुणालाही सांगितलं नाही. हवालदाराला त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर लिहून दिलं, की खात्री केली आहे, देश परका आहे. मी ज्यांना सगळ्यात जास्त कंटाळले होते त्या माणसानं हे केलं. त्यांच्याबद्दल माझं मत त्या दिवसापासून कायमचं घोटाळ्यात पडलं.

पण तेवढ्यावर थांबतील तर ते आमचे प्राचार्य कसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीशेजारी सूचना लावली: ‘सदर लेख आफ्रिका खंडातील एका देशासंबंधी असून त्याचा अन्य कोणत्याही देशाशी काडीमात्र संबंध नाही.’

झालं. ज्यांना काहीच कळलं नव्हतं त्यांनाही त्या सूचनेमुळे कळलं. शेजारच्या कॉलेजातली मुलं सायकलवरून लेख वाचायला आली. लेखापेक्षा सूचनाच जास्त वाचली गेली. मराठीचे प्राध्यापक मला म्हणाले, ‘‘‘काडीमात्र’ हा शब्द तर काळजाला भिडला.’’

आठवड्याच्या शेवटी पेटी रिकामी झाली, मग पुन्हा बटाटे.

आणीबाणी उठली, निवडणुका झाल्या, सरकार गेलं. आत गेलेली माणसं बाहेर आली, जागोजाग त्यांचे सत्कार होऊ लागले. साताऱ्यात एका मंडळानं कार्यक्रम ठेवला, त्या काळात लेखणी न झुकवणाऱ्यांचा गौरव. मला निमंत्रण आलं. मी नको म्हणून कळवलं. त्यांनी तो माझा विनय समजला. शेवटी एक गृहस्थ घरी येऊन वडिलांना भेटून गेले आणि वडील म्हणाले, ‘‘जा की. एवढं म्हनत्यात तर.’’

व्यासपीठावर बरोबर आमचे प्राचार्य होते आणि संपादकही होते. संपादकांनी भाषणात सांगितलं, की साबणाच्या एका जाहिरातीनं सत्ता कशी हादरली. टाळ्या झाल्या. माझ्या खांद्यावर शाल आली. मला दोन शब्द बोलायला सांगितलं.

मी म्हणाले, ‘‘मला या सत्काराचा अधिकार नाही. तो लेख आफ्रिकेवर होता.’’

सभागृहात हशा पिकला. मग कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळे वाजवू लागले. ‘‘खरंच सांगते,’’ मी म्हणाले, ‘‘एका देशातला एक माणूस...’’ टाळ्या वाढल्या. मला देशाचं नाव घेता येत नव्हतं, भावाचं नाव घेता येत नव्हतं. मी तशीच माइकपुढे उभी होते, आणि पाय जमिनीवर आपटण्यापलीकडे मला काही करावंसं वाटत नव्हतं. प्राचार्य उठून माझ्याजवळ आले आणि कानाशी म्हणाले, ‘‘बसा आता. तो भाऊ अजून आतच आहे ना?’’

तो आतच होता. मी बसले. प्राचार्य हे त्या भावाच्या काळजीनं म्हणाले की कार्यक्रम बिघडू नये म्हणून, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. दोन्ही असेल.

तो मुलगा त्याच उन्हाळ्यात इंजिनिअर झाला. तो मायदेशी गेला नाही, शेजारच्या देशात पूल बांधणाऱ्या खात्यात लागला. जायच्या आधी आम्हाला भेटायला रहिमतपूरला आला होता. सत्काराची हकिकत मी त्याला सांगितली तेव्हा तो इतका हसला की डोळे पुसावे लागले. पुढच्या वर्षी त्यानं कळवलं की भाऊ सुटला. तब्येत ढासळली आहे, पुन्हा पेपरात काम करणार नाही म्हणतो, घरीच असतो. मी ते वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘‘सुटला न्हवं? बास.’’

मी त्या बातमीचा आधार घेऊन प्राचार्यांकडे गेले. मी म्हणाले, आता वृत्तपत्रविद्येच्या वर्गाला आफ्रिकेवर निदान एक स्वतंत्र पेपर ठेवू या. आता तर माझा सत्कारही झालाय. त्यांनी मान डोलावली, विषय समितीपुढे नेला, खरोखर नेला. समितीत संपादक होते. समितीनं एकमतानं ठराव केला, की मॅडमच्या धाडसाच्या सन्मानार्थ अभ्यासक्रमात एक नवीन विषय घ्यावा, आणि विषय ठरला ‘रूपककथा आणि वृत्तपत्रे’. शिकवायला मराठीचे प्राध्यापक.

मी आंतरराष्ट्रीय घडामोडी घेतच राहिले. आफ्रिका त्यातच घुसवायचे, कधी रोडेशिया, कधी अंगोला. फळ्यावर नकाशा स्वतः काढायचे, कारण कॉलेजातला नकाशा फार जुना होता आणि त्यावर अजून साहेबाचं राज्य होतं. एका वर्षी पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून एका मुलीनं हात वर केला. मी मनात म्हटलं, आता सिंह येणार.

‘‘बाई,’’ ती म्हणाली, ‘‘तिकडं पेपर कुठल्या भाषेत निघतात?’’

मी खडू खाली ठेवला आणि त्या दिवशी घंटा झाली तरी बोलत राहिले. शिपाई दार लावायला आला आणि वैतागून उभा राहिला.